गंगापूर रोडच्या संगणकांत रेडिएटर : गॅरेजच्या कारीगरासाठी नवे काम

रेडिएटर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ट्रक, टेम्पो नाहीतर ट्रॅक्टर उभा राहतो. नाशिकमध्ये द्वारका आणि वडाळा नाका परिसरातील गॅरेजवाल्यांना हा शब्द नवा नाही. पितळी टाकी, तांब्याची जाळी, शिसे-कथिलाचा डाग आणि गळती शोधण्यासाठी पाण्याने भरलेला हौद, एवढ्या सामानावर अनेकांनी आयुष्यभर पोट भरले आणि मुलाबाळांची शिक्षणे केली. परंतु मोटारींत अॅल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकची टाकी जोडलेले रेडिएटर आले आणि या धंद्याची घडी विस्कटली. प्लास्टिकला डाग बसत नाही. अॅल्युमिनियम सांधायला वेगळे कसब लागते. शिवाय पुष्कळदा दुरुस्तीपेक्षा नवा नग घेणेच गिऱ्हाइकाला सोयीचे पडते. उस्तादाच्या हातात हुन्नर आहे, पण काम कमी झाले आहे.

तेथून तीन-चार किलोमीटरवर, अशोक स्तंभापासून निघून गंगापूर नाका, विद्या विकास सर्कल आणि जेहान सर्कलवरून आनंदवल्लीकडे जाणाऱ्या गंगापूर रोडवर मात्र हाच रेडिएटर वेगळ्या रूपात शिरला आहे. तेथे तो मोटारीत नसतो, टेबलावरच्या संगणकात असतो. केटीएचएम महाविद्यालय, मविप्र समाजाचे अभियांत्रिकी महाविद्यालय, शिकवणी वर्ग, वास्तुविशारदांची कार्यालये, लग्नाचे व्हिडिओ जोडणारे स्टुडिओ आणि खेळांचा शौक असलेली तरुण मंडळी, असे या रस्त्याचे गिऱ्हाईक आहे. अवजड काम करणारे संगणक अशाच ठिकाणी लागतात, आणि अवजड काम करणारा संगणक तापतो.

हे काम आपल्या कारीगरांना जमण्यासारखे आहे काय? त्यात कमाई किती आणि जोखीम किती? या लेखात त्याचाच विचार करायचा आहे.

संगणक एवढा का तापतो?

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. १९९३ साली पहिला पेन्टियम प्रोसेसर आला तेव्हा तो जेमतेम १५-१६ वॅट वीज खात असे. त्यावर चार बोटांचा लहानसा पंखा लावला की भागत होते. २०२२ साली आलेला इंटेलचा कोअर आय-९ १३९००के हा प्रोसेसर पूर्ण जोरात चालला की २५३ वॅटपर्यंत वीज ओढतो. त्याच वर्षीचा एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स २३० वॅटपर्यंत जातो. ही सगळी वीज शेवटी उष्णतेत बदलते. जुन्या काळच्या ६० वॅटच्या बल्बला हात लावला तर चटका बसत असे. असे चार बल्ब काड्यापेटीपेक्षा थोड्याच मोठ्या जागेत कोंबले आहेत, अशी कल्पना करा.

ही उष्णता तिथून लवकर हलवावी लागते. नाही हलवली तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती कमी करतो. इंटेलच्या वरील प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, एएमडीच्या वरील प्रोसेसरची ९५ अंश. म्हणजे यंत्र जळत नाही, पण मंद होते. दोन तासांत व्हावे ते व्हिडिओचे काम तीन तासांवर जाते आणि मालक म्हणतो, "लाख रुपये घातले आणि हे असे!"

उष्णता वाहून नेण्यात पाणी हवेच्या कितीतरी पुढे आहे. हिशेबच करून पाहू. २५० वॅट उष्णता मिनिटाला एक लिटर वाहणाऱ्या पाण्यावर टाकली तर पाणी एका फेरीत साडेतीन अंशांच्या आसपासच तापते. तेवढीच उष्णता हवेने तेवढ्याच फरकात न्यायची म्हटली तर मिनिटाला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा हलवावी लागेल. ट्रकच्या इंजिनाला पाणी का लागते याचे उत्तरही हेच आहे.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमच्या मोठ्या संगणकांत १९६० च्या दशकापासून पाण्याचा उपयोग होत होता. १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकाचे भाग तर वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेले होते. अॅपल कंपनीने २००४ साली पॉवर मॅक जी-५ मध्ये द्रवाने थंड होणारी व्यवस्था बसवली, आणि पुढे त्यातल्या काही यंत्रांत गळतीच्या तक्रारी आल्या. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणकही प्रोसेसरपर्यंत द्रव खेळवून थंड ठेवला जातो. जे पुण्यात मोठ्या प्रमाणावर आहे, तेच गंगापूर रोडवरच्या टेबलावर लहान रूपात आले आहे.

यंत्रणेची ओळख

मोटार ओळखणाऱ्याला ही यंत्रणा समजायला दहा मिनिटे पुरतात. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा एक सपाट ठोकळा बसतो. मोटारीतल्या वॉटर जॅकेटचे काम तो करतो. बहुतेक संचांत त्याच्याच वर लहानसा पंप असतो. तेथून दोन रबरी नळ्या रेडिएटरकडे जातात. रेडिएटरला दोन टोकांना टाक्या, मध्ये चपट्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये बारीक पत्र्याची जाळी असते. त्यावर पंखे बसतात. द्रव फिरतो, पंखे वारा घालतात, उष्णता बाहेर पडते. यात नवे काही नाही. माप तेवढे लहान आहे.

बाजारात दोन प्रकार मिळतात. पहिला प्रकार कारखान्यातून भरून आणि बंद करून आलेला तयार संच. त्यात द्रव घालावा लागत नाही आणि नळ्या सोडायच्या नसतात. दुसरा प्रकार सुटे भाग आणून जुळवण्याचा. पंप वेगळा, टाकी वेगळी, रेडिएटर वेगळा, नळ्या मापाने कापायच्या आणि द्रव आपण भरायचा. नवशिक्या कारीगराने पहिल्या प्रकारापासूनच सुरुवात करावी. दुसऱ्यात मजुरी जास्त मिळते, पण जोखीमही सगळी आपल्या अंगावर येते.

रेडिएटरचे माप त्यावर बसणाऱ्या पंख्यांवरून सांगतात. १२० म्हणजे १२० मिलिमीटरचा एक पंखा, २४० म्हणजे दोन, ३६० म्हणजे तीन. १४० मिलिमीटरचे दोन पंखे बसले तर २८०. येथे एक फसगत होते. ३६० चा रेडिएटर प्रत्यक्षात ३६० मिलिमीटर लांब नसतो. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून तो ३९५ मिलिमीटरच्या आसपास भरतो. २४० चा २७५ च्या आसपास जातो. जाडी साधारण २७ आणि पंख्याची २५, मिळून ५२ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांहून थोडी जास्त. गिऱ्हाइकाने डब्यावरचा आकडा पाहून माल आणला आणि तो कॅबिनेटमध्ये शिरला नाही, तर दोष बसवणाऱ्याच्या माथी येतो. म्हणून माल घेण्याआधी कॅबिनेटचे आतून माप घ्या. वर बसवायचा असेल तर मदरबोर्डवरच्या मेमरीच्या पट्ट्या आणि उंच धातूचे भाग आड येतात की नाही तेही पाहा. सुताराची म्हण येथे लागू आहे : दोनदा मापावे, एकदा कापावे.

कोठे बसवावा?

ट्रकच्या रेडिएटरमध्ये हवा अडकली की इंजिन तापते, हे गॅरेजमधल्या पोरालाही ठाऊक असते. संगणकातही तेच घडते. बंद संचातसुद्धा थोडी हवा असतेच. रबरी नळ्यांतून द्रवाचा अंश वर्षानुवर्षे उडत राहतो आणि हवा वाढत जाते. हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती जागा पंपाची असेल तर पंप कोरडा फिरू लागतो, आवाज करतो आणि लवकर मरतो. तेव्हा पहिला नियम असा की रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच असलाच पाहिजे.

त्यासाठी सर्वांत चांगली जागा कॅबिनेटच्या छताखाली. तेथे पंखे गरम हवा वरून बाहेर टाकतात. छताखाली जागा नसेल तर पुढच्या बाजूला उभा बसवावा आणि शक्यतो नळ्यांची तोंडे खाली ठेवावीत. म्हणजे हवा वरच्या टाकीत राहते आणि नळ्यांची तोंडे द्रवात बुडलेली राहतात. पुढे बसवल्यास बाहेरची ताजी हवा रेडिएटरला मिळते, प्रोसेसर थोडा अधिक थंड राहतो, पण तीच गरम झालेली हवा पुढे ग्राफिक्स कार्डावर जाते. खेळाच्या आणि चित्रांच्या कामात ग्राफिक्स कार्ड जास्त तापते, हे ध्यानात घेऊनच निवड करावी. रेडिएटर कॅबिनेटच्या तळाशी आणि पंप वर, अशी मांडणी कधीच करू नये.

बसवण्याची रीत

यंत्र बंद करून वीजेची वायर काढा. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच आत हात घाला. जुना कूलर काढण्याआधी यंत्र दहा मिनिटे चालवून थोडे गरम करून घेतले, तर वाळलेली पेस्ट सैल होते. कूलर सरळ वर ओढू नये, हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. जोरात ओढल्यामुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येण्याचे प्रकार एएमडीच्या जुन्या सॉकेटवर होतात, आणि एक पिन वाकली तर दिवसाची मजुरी गेली.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न सुटणाऱ्या कापडाने पुसून काढा. मदरबोर्डच्या सॉकेटप्रमाणे मागची पट्टी आणि पाय निवडा. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटची भोके आधीच्या एलजीए १२०० पेक्षा वेगळ्या अंतरावर आहेत. जुन्या संचाबरोबर आलेली पट्टी नव्या बोर्डाला बसेलच असे धरून चालू नये.

पंखे रेडिएटरला लावताना वाऱ्याची दिशा पाहा. पंख्याच्या ज्या बाजूला मधल्या चकतीला धरणाऱ्या दांड्या असतात, त्या बाजूने वारा बाहेर पडतो. यानंतर येते सर्वांत घातक चूक. संचात दोन लांबीचे स्क्रू असतात. लांब स्क्रू पंख्यातून आरपार जाऊन रेडिएटरला धरतात, आखूड स्क्रू रेडिएटरला कॅबिनेटला बांधतात. आखूडच्या जागी लांब स्क्रू घातला तर तो थेट आतल्या नळीत घुसतो. नळी फुटली की संच भंगारात, आणि खाली चालू यंत्र असेल तर तेही. म्हणून दोन्ही स्क्रू सुरुवातीलाच दोन वाट्यांत वेगळे ठेवा. स्क्रू हाताला घट्ट लागला की तेथेच थांबा.

ठोकळ्याच्या तळावर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असेल तर तो काढायचा. तो तसाच राहिल्यामुळे तापणाऱ्या यंत्रांची उदाहरणे या धंद्यात नेहमीची आहेत. प्रोसेसरवर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट पुरते. प्रोसेसर मोठा असेल तर थोडी अधिक. काही ठोकळ्यांना पेस्ट कारखान्यातूनच लावलेली असते, मग वर दुसरी लावू नये. ठोकळा बसवताना इंजिनाचे हेड जसे कसतो तसेच करायचे : समोरासमोरचे स्क्रू, दोन-दोन आटे, आळीपाळीने. एकच कोपरा आधी पुरता कसला तर ठोकळा तिरपा बसतो आणि एका बाजूला उष्णता साचते.

पंपाची वायर मदरबोर्डवरील पंपासाठी असलेल्या जागी किंवा कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जागी लावा. पंप सतत पूर्ण गतीने फिरेल असे बायोसमध्ये ठरवून द्या. पंख्याची गती कमी-जास्त झालेली चालते. प्रोसेसरच्या पंख्याची जागा रिकामी राहिली तर यंत्र सुरू होताना पंखा नसल्याची सूचना देऊन अडते, म्हणून तेथे रेडिएटरचे पंखे जोडा. नळ्या मुरगळणार नाहीत आणि कोणत्याही पंख्याच्या पात्यात जाणार नाहीत अशा वळवा.

हाताने परीक्षा

यंत्र सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे पाणी खळखळल्याचा आवाज येतो. तो थांबला पाहिजे. बायोसमध्ये पंपाचे फेरे दिसतात. ते शून्य असतील तर लगेच यंत्र बंद करा. फेरे दिसूनही तापमान मिनिटभरात ९० च्या पुढे गेले तर तीन शंका घ्या : प्लास्टिकचा कागद राहिला, ठोकळा सैल आहे, नाहीतर द्रव फिरत नाही. मोटारीच्या वरच्या आणि खालच्या होजला हात लावून मेकॅनिक जसा दोष ओळखतो, तसेच येथेही करता येते. द्रव नीट फिरत असेल तर दोन्ही नळ्या जवळजवळ सारख्याच कोमट लागतात. ठोकळा भाजतो आहे आणि रेडिएटर थंडगार आहे, तर पंप अडकला आहे असे समजावे.

पाच मिनिटांची चाचणी घेऊन गिऱ्हाइकाच्या हाती यंत्र देऊ नये. आतल्या द्रवाला तापून स्थिर व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणून पूर्ण भार टाकून तासभर चालवा आणि दोन आकडे लिहून ठेवा : प्रोसेसरचे तापमान आणि खोलीचे तापमान. हा दुसरा आकडा फार थोडे लोक लिहितात, आणि पुढची भांडणे त्याच्याच अभावी होतात.

नाशिकचा उन्हाळा आणि गिऱ्हाइकाची समजूत

समजा, जानेवारीत तुम्ही संच बसवला. खोलीत २४ अंश आणि प्रोसेसर ७२ अंश. फरक ४८ चा. गिऱ्हाईक खूश. एप्रिलच्या दुपारी गंगापूर रोडवर स्लॅबखालच्या खोलीत पारा ४० ला टेकला की तोच संच, तोच फरक, आणि प्रोसेसर ८८ वर! गिऱ्हाईक म्हणणार, "तुम्ही बसवलेले बिघडले." वास्तविक काहीच बिघडलेले नाही. रेडिएटर म्हणजे वातानुकूलन यंत्र नव्हे. खोलीच्या हवेपेक्षा थंड तो काहीही करू शकत नाही. खोलीच ४२ अंशांवर गेली तर प्रोसेसर ९० वर जाईल. ही गोष्ट पैसे घेण्याआधी सांगितली तर ती माहिती ठरते. तक्रार आल्यावर सांगितली तर सबब ठरते.

दुसरी समजूत अशी की पाण्याच्या यंत्रणेने खोली गार राहते. ५०० वॅट ओढणारे यंत्र ५०० वॅटच उष्णता खोलीत सोडणार, मग वर पंखा असो वा रेडिएटर. खिडकी, वारा आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवणे, हे उपाय फुकट आहेत. ते आधी सांगावेत.

तिसरा शत्रू धूळ. बांधकामे चालू असलेल्या भागात दोन-तीन महिन्यांत जाळीवर राखाडी थर बसतो आणि वारा अडतो. ब्लोअरने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. नाहीतर वाऱ्याच्या जोराने पंखा अफाट फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि मार्चअखेर, सफाई आणि तपासणी असा ठराव गिऱ्हाइकाशी केला तर कारीगराला बांधलेले काम मिळते. गॅरेजचा खरा धंदा नव्या गाडीवर नव्हे तर सर्व्हिसिंगवर चालतो, हे आपण जाणतोच.

तांबे, अॅल्युमिनियम आणि पाणी

नाशिकची तांब्या-पितळेची भांडी नावाजलेली. तांबट लेन आणि भांडी बाजार ही नावे त्याची साक्ष देतात. धातू ओळखणाऱ्या हातांना पुढची गोष्ट चटकन पटेल. तांबे आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात राहिले की त्यांची बॅटरी तयार होते आणि अॅल्युमिनियम झिजत जाते. झिजून पडलेला कचरा बारीक नळ्यांत अडकतो. बहुतेक तयार संचांत ठोकळा तांब्याचा आणि रेडिएटर अॅल्युमिनियमचा असतो. तो टिकतो, कारण आतल्या द्रवात गंज रोखणारी औषधे असतात आणि संच बंद असतो. अशा संचात कोणी नळाचे, बोअरचे नाहीतर घरच्या फिल्टरचे पाणी भरले, तर तो संच स्वतःच्या हाताने मारल्यासारखे आहे. शिवाय उघडला की कंपनीची हमीही संपते. तयार संचाचे आयुष्य साधारण पाच ते सात वर्षे. त्यानंतर बदलणे हाच खरा सल्ला.

सुट्या भागांच्या कामात धातू एकत्र करू नयेत. ठोकळा तांब्याचा असेल तर रेडिएटरही तांब्या-पितळेचा घ्यावा. नव्या तांब्याच्या रेडिएटरमध्ये डाग देताना वापरलेल्या फ्लक्सचा अंश राहिलेला असतो. गरम डिस्टिल्ड पाण्याने तो तीन-चार वेळा, पाणी स्वच्छ येईपर्यंत, खंगाळून काढावा. जोडण्यांचे आटे पाव इंची पाइपाचेच असतात, पण येथे सुतळी, सफेदा किंवा टेफ्लॉनची पट्टी लावायची नसते. गळती रोखण्याचे काम रबरी कडी करते. हाताने घट्ट केले की पुरे. पाना लावला तर अॅक्रिलिकचा ठोकळा तडकतो.

गळतीच्या परीक्षेत आपल्या उस्तादांचा अनुभव फार मोलाचा आहे, पण तेथे दाबाची सवय बदलावी लागेल. टायरमध्ये हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा दाब सात-आठ बारपर्यंत असतो. संगणकाची जुळणी तपासायला अर्धा बार पुरतो, आणि तोही हातपंपाने व मीटर लावून. काटा पंधरा-वीस मिनिटे हलला नाही तर जोड पक्के आहेत. मग द्रव भरून, मदरबोर्डला वीज न देता, केवळ पंप वेगळ्या पुरवठ्यावर काही तास चालवावा आणि प्रत्येक जोडाखाली पांढरा टिश्यू कागद ठेवावा. पाण्याच्या हौदातले बुडबुडे आणि कागदावरचा ओला डाग, दोन्ही एकच भाषा बोलतात.

अमानत आणि कागद

ट्रकचा रेडिएटर गळला तर ट्रक रस्त्यात थांबतो. पाणी घातले की पुढे जातो. येथे एक थेंब दीड-दोन लाखांच्या यंत्रावर पडू शकतो, आणि त्या यंत्रात एखाद्या स्टुडिओची सबंध लग्नसराई नाहीतर वास्तुविशारदाचे सहा महिन्यांचे नकाशे असतात. गिऱ्हाइकाने आपल्या हाती सोपवलेली ती अमानत आहे. म्हणून तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

काम घेताना एक साधा कागद करा. यंत्रातल्या भागांची नावे आणि नंबर, आधीपासून असलेले दोष, मोबाइलवर काढलेले फोटो, माहितीची प्रत गिऱ्हाइकाने वेगळी काढून ठेवली आहे याची नोंद, माल कोणी आणला, आणि कामाची हमी किती दिवसांची. मालाची हमी कंपनीची असते, बसवण्याची हमी आपली. या दोन गोष्टी कागदावर वेगवेगळ्या लिहा. गळतीमुळे इतर भागांचे नुकसान झाल्यास काही कंपन्या भरपाई देतात, काही देत नाहीत. हमीचे कार्ड गिऱ्हाइकासमोर वाचून दाखवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. कागद असेल तर तो कायदा प्रामाणिक कारीगरालाही वाचवतो.

खरे सांगण्यातच बरकत

आता धंद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक गिऱ्हाइकाला रेडिएटरची गरज नसते. जे यंत्र पत्रे लिहिते, हिशेब ठेवते किंवा शिकवणी वर्गात चित्रफिती दाखवते, त्याला साधा पंखा पुरेसा आहे. ६५ वॅटच्या प्रोसेसरवर ३६० चा रेडिएटर म्हणजे सायकलला ट्रकचे चाक लावण्यासारखे. मध्यम कामाला दोन ते चार हजारांचा चांगला हवेचा कूलर भागतो. त्यात पंप नाही, गळती नाही, आणि पाच वर्षांनी त्याचा पंखा तेवढा बदलावा लागतो. २४० चा तयार संच साधारण त्याहून महाग पडतो आणि ३६० चा आणखी महाग. दिवसभर पूर्ण भाराने चालणाऱ्या मोठ्या प्रोसेसरलाच हा खर्च शोभतो.

जो कारीगर म्हणेल, "भाऊ, तुम्हाला याची गरज नाही, आधी धूळ काढू आणि पेस्ट बदलू," त्याचे त्या दिवशीचे चार पैसे कमी होतील. पण गंगापूर रोडवर कार्यालयाला कार्यालय लागून आहे आणि एकाचा अनुभव दुसऱ्याच्या कानावर जातोच. एका खऱ्या शब्दावर दहा गिऱ्हाइके येतात, आणि एका थापेवर होती ती जातात.

सुरुवात कशी करावी?

यासाठी मोठे भांडवल लागत नाही, आणि म्हणून कर्जही लागत नाही. चुंबकी स्क्रू ड्रायव्हरचा संच, पेस्ट, अल्कोहोल, ब्लोअर, खोलीचा थर्मामीटर, हातपंपाचा गळती-मीटर आणि चांगला उजेड, एवढे काही हजारांत होते. मोबदला ठरवताना नुसत्या बसवण्याचे नव्हे, तर तासाभराच्या चाचणीचे, जाण्यायेण्याचे आणि हमीच्या काळात एक फेरी मारण्याचेही पैसे धरा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मालही विकायचा झाल्यास जाणकाराला विचारून घ्यावे. उद्यम नोंदणी मात्र फुकट होते, ती करून घ्यावी. काढलेले जुने भाग भंगारात फेकू नयेत. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि असा माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवा.

एक सूचना विशेष आहे. अनेक घरांत बाप रेडिएटरचा उस्ताद आणि मुलगा संगणक शिकलेला, अशी जोडी असते. बापाला धातू, दाब, हवा अडकणे आणि गळती कळते. मुलाला बायोस, सॉकेट आणि वॅट कळतात. दोघे वेगवेगळ्या दुकानांत बसले तर दोघांचेही अर्धेच ज्ञान विकले जाते. एकत्र बसले तर असा कारीगर तयार होतो, जो नुसत्या संगणकाच्या दुकानात सापडत नाही आणि नुसत्या गॅरेजमध्येही नाही. पहिले चार-पाच संच स्वतःच्या किंवा नातलगांच्या जुन्या यंत्रांवर बसवा, उन्हाळ्यात त्यांचे आकडे लिहून काढा, आणि ती वही घेऊन मगच गंगापूर रोडवरच्या पहिल्या गिऱ्हाइकाकडे जा. गाडी बदलली म्हणून रेडिएटरवाल्याचे हुन्नर वाया जात नाही. फक्त त्याने आपला हौद थोडा लहान आणि आपली वही थोडी मोठी करायला हवी.